शेवटच्या थडग्याचं दार

सुबैहला दिसत नाही हे सगळ्या वस्तीत फक्त त्याच्या बायकोला, नसराला, ठाऊक होतं, आणि ते तिनं चार वर्षं तोंडातून फुटू दिलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती मूठ झाकून धरायला हात लागतो, आणि तो हात नसराचा होता. शिवाय पायही तिचेच.

सुबैह वाटाड्या होता. सीनाईच्या माळावर नवामीस नावाची दगडाची गोल थडगी आहेत, पुरुषभर उंचीची, छपरासकट रचलेली, रांगेनं उभी. ती पाहायला लांबलांबचे पाहुणे येतात. त्यांना उंटावर बसवून झऱ्यापासून माळावर न्यायचं, थडगी दाखवायची, आणि पलीकडच्या पांढऱ्या घळीतून खाली मुक्कामाला उतरवायचं, हे त्या वस्तीचं काम. ते काम पाळीनं चालतं. आज या घराचे पाहुणे, उद्या त्या घराचे. पाळी शेख ऊदाच्या डोक्यात असते, कागदावर नाही, आणि तिच्याबद्दल एकच कायदा आहे: ज्याला माग दिसत नाही, त्याला पाळी नाही. वाळूतला उंटाचा पाय बघून उंट कुणाचा, कधी गेला, ओझं होतं की रिकामा होता, हे ज्याला सांगता येत नाही, त्यानं घरी बसून शेरडं राखावीत.

शेरडं राखणं म्हणजे बायकांचं काम. सुबैह मेला असता तरी त्यानं ते पत्करलं नसतं. जवानीत त्याच्या नजरेची कीर्ती होती आणि तिच्याहून जास्त जिभेची. कुणी लंगडला की हा त्याला 'तीन पायांचा' म्हणायचा, कुणाचं लग्न मोडलं की महिनाभर त्याच्या दारावरून जाताना उंटिणीला मोठ्यानं विचारायचा, 'का गं, तुलाही नको झाला का?' लोक हसायचे, कारण हसलं नाही तर पुढची पाळी आपली. फक्त एका बाबतीत लोक त्याला परतफेड करू शकत. त्याला मुलगा नव्हता. बाकीच्यांना लोक मुलाच्या नावानं बाप म्हणत, ह्याला 'फरहानाचा बाप' म्हणत. तो ते हसून घ्यायचा आणि घरी येऊन नसरावर काढायचा. "खडकावर पेरलं मी," म्हणायचा. "एक बोर उगवलं, तेही दुसऱ्यानं तोडून नेलं."

डोळ्यांत काचबिंदू शिरला तेव्हा शहरातल्या डॉक्टरनं सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही आणि राहिलेलीही राहायची नाही. सुबैह परत आला आणि वस्तीला म्हणाला, "डॉक्टर म्हणाला, असे डोळे त्यानं पाहिले नाहीत." खोटं नव्हतं.

तेव्हापासून नसरा शेरडं घेऊन पुढे निघायला लागली. तिच्या म्होरक्या बकरीच्या गळ्यात पितळी घंटा होती. झऱ्यावरून पहाटे कळप सुटायचा, आणि त्या घंटेमागून दोनशे पावलं अंतर ठेवून सुबैह उंटांची रांग घेऊन चालायचा. पाहुण्यांना ती काळ्या झग्यातली बाई, ती शेरडं, तो नाद फार आवडायचा. ते फोटो काढायचे. त्यांना काय माहीत की ती बाई म्हणजे वाटाड्या आहे आणि वाटाड्या म्हणजे तिच्या मागून येणारं सामान.

थडग्यांपाशी मात्र तिला वळावं लागे. तिथून पुढे चारा नाही, पाणी नाही, घळीच्या तोंडाशी शेरडं घेऊन जाणारी बाई कुणी पाहिली असती तर प्रश्न झाला असता. म्हणून शेवटचा टप्पा सुबैह एकटा करायचा, आणि कसा करायचा ते त्यानं फक्त नसराला सांगितलं होतं, तेही एकदा खुशीत असताना.

"नवामीसची दारं," तो म्हणाला होता. "सगळ्यांची मावळतीला. एकही चुकलेलं नाही. बांधणारे काफर होते, पण गवंडी बरे होते. शेवटच्या थडग्यात शिरायचं, पाहुण्यांना गोष्ट सांगायची, वाकून बाहेर यायचं, दाराला पाठ टेकायची आणि नाकासमोर चालू लागायचं. चारशे पावलांवर घळीची वाट पायाला लागते. डोळे कशाला हवेत?"

गोष्ट ठरलेली होती. नवामीस म्हणजे डास. मूसा पैगंबराच्या लोकांना या माळावर डासांनी छळलं, म्हणून त्यांनी ही दगडी घरं बांधून आत दडी मारली. माळावर डास औषधालाही नाही. पण पाहुणा ते विचारत नाही. आतली हाडं कधीच कुणी कुणी खोकी भरून नेली, आता आत वाळू आणि शेरडांच्या लेंड्या तेवढ्या असतात. म्हणून वस्तीतलं कुणी त्या जागेला कबरस्तान मानत नाही. उन्हाळ्यात बायका तिथे करडं कोंडतात. शेवटच्या थडग्याची मागची, उगवतीची भिंत फार पूर्वी ढासळली होती. नसरानंच लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी ते भगदाड सुट्या दगडांनी बुजवलं होतं, करडं पळू नयेत म्हणून.

हिवाळा संपता संपता फरहानाचा निरोप आला. ती लग्न होऊन समुद्राकाठी दिली होती, कोळ्यांच्या गावात, पिकअपनं तीन तासांवर. पहिलं बाळंतपण, महिनाअखेरीला. निरोप एवढाच होता: आईनं यावं. पहिलटकरणीपाशी आई असते आणि चाळीस दिवस राहते, ह्यात सांगण्यासारखं काही नाही. नसरानं तर वस्तीतल्या निम्म्या पोरांना स्वतःच्या हातांनी जगात आणलं होतं. परक्यांच्या लेकींना आधार दिला आणि आपल्या लेकीला नाही, असं कसं चालेल? तिनं भाकरी निखाऱ्यातून काढली, राख झटकली, सुबैहपुढे तूप ठेवलं आणि सांगून टाकलं.

"चाळीस दिवस?" तो म्हणाला. "आणि माझ्या पाळ्या? चार तरी येतील तेवढ्यात."

"तब्येत बरी नाही म्हणून सांग. मुसल्लम नेईल." मुसल्लम त्याचा पुतण्या.

"एकदा मुसल्लमनं नेली की पाळी मुसल्लमची. मला शिकवतेस?"

"फरहानाच्या बापा, तुझी लेक आहे ती."

"तिथे सासू आहे, नणंदा आहेत. समुद्र आहे." तो भाकरी मोडत होता, बोटांनी तूप शोधत होता. तिनं वाटी सरकवली नाही. "बकरी व्यायची असली की तिची आई लागते का गं? आणि व्यायची ती व्यायची काय, मुलगीच. तुझंच आतडं ते."

"माझे गुडघे गेले तुझ्यापुढे चालून," नसरा म्हणाली.

"मग बरंच झालं. गुडघे गेलेल्या बाईनं प्रवास करू नये."

नसरा चिडली नाही. चिडण्याचे दिवस मागे राहिले होते. तिनं शांतपणे हिशेब मांडला: जोवर पाळी आहे तोवर घंटा आहे, घंटा आहे तोवर मी आहे. पाळी गेली पाहिजे. मी सांगितलं तर मी घर फोडणारी. त्याचं त्यालाच उघडं पडू दे, चार परक्या माणसांसमोर. शंभर पावलं चुकेल, थांबेल, लाजेल, आणि मी मोकळी होईन.

गुरुवारची पाळी होती. बुधवारी ती शेरडं घेऊन माळावर गेली, त्यांना बाभळीखाली सोडलं आणि शेवटच्या थडग्याशी बसली. मागच्या भगदाडातले आपलेच दगड तिनं एकेक करून उपसले आणि पुढच्या खऱ्या दारात रचले, आतून बाहेरून घट्ट, फटीत चिपा मारून, जशी भिंतच होती. मग भगदाडाच्या कडा सरळ केल्या. एक लांब चपटा दगड शोधून वर आडवा बसवला, खाली उंबऱ्यासारखा दुसरा. हातानं चाचपून पाहिलं. डोळे मिटून पाहिलं. दार वाटत होतं. एवढं काम करून ती घरी आली तेव्हा सुबैह म्हणाला, "आज मसूर करपली."

गुरुवारी खमसीनचा वारा सुटला. वाळवंटातून येणारा तो गरम धुळीचा वारा आकाश पिवळं करतो आणि सूर्य कुठे आहे ते डोळसालाही कळत नाही, मग तोंडावर ऊन झेलून दिशा ओळखणाऱ्याला काय कळणार? पाहुणे तिघे होते, दोन बाया आणि एक उंच बाप्या, तोंडाला फडकी बांधून बसलेले. नसरानं त्यांना थडग्यांपर्यंत आणलं, चहासाठी काटक्या टाकल्या आणि शेरडं घेऊन खाली झऱ्यावर वळली. वळताना तिनं मागे पाहिलं. सुबैह शेवटच्या थडग्याच्या भिंतीवरून हात फिरवत गोल चालला होता, दार हाताला लागेपर्यंत. गोल भिंतीला कोपरा नसतो. हात आडव्या दगडाला लागला, तो वाकला, आणि पाहुण्यांना हाक मारून आत शिरला.

पुढचं तिनं पाहिलं नाही, पण ते इतक्यांनी इतक्या वेळा सांगितलं की पाहिल्यासारखंच झालं. त्यानं डासांची गोष्ट सांगितली. बाहेर आला, दाराला पाठ टेकली आणि उगवतीला चालू लागला. त्याची उंटीण जर्का अडली. तिला वाट माहीत होती. तिनं दोनदा मान खेचली, तर त्यानं तिच्या तोंडावर दोरीचा फटका मारला आणि म्हणाला, "तुलाही आता अक्कल फुटली काय?" ती बिचारी मागून निघाली. शंभर पावलं झाली, चारशे झाली, वाट पायाला लागेना. थांबायला हवं होतं. नसराला वाटलं होतं तो थांबेल. चाळीस वर्षं त्याच्यासोबत काढून तिनं हे कसं धरलं कोण जाणे. सुबैह कधी चुकलो म्हणून थांबला होता का?

तो हजार पावलं चालला. उगवतीला माळ संपतो तिथे कडा आहे, पाच उंट एकावर एक उभे केले तरी वर पोचणार नाहीत एवढा. जर्का कड्याच्या दहा पावलं अलीकडे खाली बसली आणि उठेना. सुबैह तिला शिव्या देत, दोरी ओढत मागे मागे सरकत होता, पाठ कड्याकडे. उंटावर बसलेल्या एका बाईनं किंकाळी फोडली. उंच बाप्यानं उडी टाकून त्याला दंडाला धरलं. मग त्यानं सुबैहच्या डोळ्यांपुढे हात हलवला, एकदा, दोनदा. सुबैह त्या हाताच्या पलीकडे बघत ऐटीत म्हणाला, "समोर घळ आहे. सुंदर दिसते की नाही?"

दुपारी वस्तीनं पाहिलं ते असं: पुढे तो उंच पाहुणा, फोनवरचा नकाशा बघत चाललेला. त्याच्या हातात जर्काची दोरी. जर्काच्या शेपटीला बांधलेला दोरीचा तुकडा, आणि त्याचं टोक धरून, मान ताठ, सुबैह. पोरीबाळी बाहेर आल्या. कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, कारण इतकी वर्षं तुंबलेलं होतं. ज्याला तो तीन पायांचा म्हणायचा तो म्हातारा काठी आपटत पुढे आला आणि म्हणाला, "फरहानाच्या बापा, सांग बघू, पुढे चालला तो माग कुणाचा?"

नसरा दारात उभी होती. कड्याचं तिच्याही कानावर आलं. तिघं परकी माणसं मेली असती. हा मेला असता. ती घाबरली. पण पश्चात्ताप म्हणाल तर तो झाला नाही. ती मनात दिवस मोजत होती. हमीदचा पिकअप शनिवारी निघणार होता.

हमीद म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तो दर शनिवारी सकाळी समुद्राकाठी माल आणायला जायचा. इतर दिवशी त्या वाटेला काहीच जात नाही.

शुक्रवारी नमाजानंतर शेखच्या मांडवात बैठक बसली. बायका पडद्यामागे. सुबैहला मधे बसवलं, कॉफी दिली, ती त्याच्या हातात धरून द्यावी लागली. शेख ऊदा मऊ माणूस, पण कायदा कायदा होता. पाळी काढली आणि मुसल्लमला दिली. नसरा पडद्याला कान लावून ऐकत होती. आता तो दाराचं बोलेल. आता म्हणेल, दार फिरवलं होतं, जाऊन बघा. आणि दाराचं गुपित कुणाला माहीत होतं, हे विचारायला कुणाला फार वेळ लागला नसता.

सुबैह म्हणाला, "म्हातारा झालो. चुकलो."

एवढंच. पडद्यामागे बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सुबैह आणि चुकलो?

"पाळी घ्या," तो पुढे म्हणाला. "माझं काही म्हणणं नाही. पण शेख, एक शब्द मला साक्षीनं द्या. आंधळ्याला काठी लागते. माझी काठी माझी बायको. ती माझ्यापासून हलणार नाही, लग्नाला नाही, मयताला नाही, बाळंतपणाला नाही. तिच्या भावानं जामीन राहावं."

मागणी रास्त होती. आंधळ्या नवऱ्याला टाकून बाई गावोगाव हिंडते हे कुणाला आवडेल? हमीदनं पडद्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि जामीन दिला. जामीन मोडला तर जामीनदाराच्या नावानं चौरस्त्यावर काळं फडकं लागतं, आणि ते लागलेल्या घरात मुली मागायला कुणी येत नाही. हमीदला तीन मुली होत्या.

घरी येताना सुबैहनं तिचा दंड धरला होता. बोटं हाडापर्यंत रुतली होती. "आडवा दगड," तो हळू म्हणाला. "वरचा. तो गुळगुळीत होता. जुने दगड हजारो वर्षांच्या वाऱ्यानं खरखरीत असतात. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

नसरा चालत राहिली.

"मी बोललो नाही बैठकीत. का ते विचार."

"का?"

"बोललो असतो तर त्यांनी तुला माहेरी हाकललं असतं. तुला तेच हवंय." तो हसला. "चार वर्षं तू पुढे चाललीस. आता बरोबर चाल."

त्याच संध्याकाळी हमीदच्या फोनवर निरोप आला, फरहानाला कळा सुरू झाल्या आहेत. रात्रीत काही होणार नाही, पहिलं आहे, उद्या दिवस चढेल. हमीद दारात येऊन सांगून गेला आणि थांबला नाही. त्याला बहिणीच्या तोंडाकडे बघवेना. नसरा सुबैहच्या पायांशी बसली. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं.

"फरहानाच्या बापा, जाऊ दे. तूही चल. दोघं जाऊ."

"लेकीच्या सासरी? तिथे मला चाचपडताना बघायला?" तो म्हणाला. "उद्या सकाळी माळावर जायचंय. दार होतं तसं करून दे. तू बिघडवलंस, तू नीट कर. माझ्यासमोर."

"उद्या हमीद निघेल."

"निघू दे की. त्याला कोण अडवतंय?"

शनिवारी उजाडताच दोघं निघाली. तिनं पाण्याची पखाल आणि फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या घेतल्या. तिच्या खांद्यावर त्याचा हात. माळावर पोचेपर्यंत ऊन चढलं, खमसीन ओसरून आभाळ धुतल्यासारखं निळं झालं होतं. सुबैह मागच्या खोट्या दारातून आत जाऊन सावलीत बसला, पखाल आणि भाकऱ्या बाजूला घेऊन. त्याला आतून हातानं प्रत्येक दगड तपासायचा होता.

"आधी हे उगवतीचं बुजव," तो म्हणाला. "इथूनच माझं हसं झालं."

"पुढचं आधी मोकळं करते. नाहीतर आत अंधार होईल."

"मला काय फरक पडतो?"

तिनं दगड गोळा करायला सुरुवात केली. पुढच्या दारातले काढायचे नाहीत, मग आसपासचे पडके दगड आणावे लागले. ती आणायची, रचायची, आणि आतून त्याचा हात यायचा.

"हा हलतोय. काढ."

ती काढायची.

"चिप मार. त्या बाजूला नव्हे, डावीकडे. तुझी डावी. चाळीस वर्षांत डावं उजवं शिकली नाहीस?"

खाली झऱ्याच्या वाटेवर हमीदच्या पिकअपचा भोंगा वाजला. निघण्याआधी तो तीनदा वाजवायचा, कुणाला यायचं असेल तर. नसराचे हात थांबले.

"एक झाला," सुबैह आतून म्हणाला. त्याच्या आवाजात मजा होती. "चल, वरची रांग राहिली. आडवा दगड काढून टाक. तो खोटा आहे."

तिनं आडवा दगड काढला. तिच्या नखांतून रक्त आलं होतं. फरहाना जन्मली तेव्हा नसरा दोन रात्री अडली होती, आणि आईनं तिचं डोकं मांडीवर धरून ठेवलं होतं. नसराला तेवढंच आठवत होतं, ती मांडी. दुसरा भोंगा वाजला.

"दोन," सुबैह म्हणाला. "मुलगीच होणार, लिहून घे. रडून काय करतेस? हात चालव."

ती रडत नव्हती. तिनं शेवटचे पाच दगड बसवले, फटीत चिपा ठोकल्या. आतून त्याचा हात सगळीकडून फिरल्याचा आवाज आला, खस्स खस्स. "आता झालं," तो म्हणाला. "आता ये मावळतीला आणि ते उघड."

नसरा उठली. गुडघे वाजले. ती थडग्याला वळसा घालून पुढच्या बाजूला आली. तिथे तिनं बुधवारी रचलेली भिंत होती, चांगली झाली होती. तिनं तिच्याकडे पाहिलं. मुसल्लम दुपारी नवे पाहुणे घेऊन याच वाटेनं येणार होता. सुबैहपाशी पाणी होतं, भाकरी होती, आणि दगड सुटेच होते. मनावर घेतलं तर लाथेनंही पडले असते. पण कुठल्या बाजूचे, हे आधी कळायला हवं.

तिसरा भोंगा वाजला.

"नसरा?" आतून आवाज आला. "कुठल्या बाजूला आहेस?"

ती उत्तर न देता उतारावरून चालू लागली. आधी चालत, मग त्या गुडघ्यांनी जमेल तसं धावत. मागून तिच्या नावाची हाक आली, मग शिवी, मग फक्त आवाज, डब्यात कोंडलेल्यासारखा. वळणाच्या पलीकडे तोही थांबला.

हमीदनं तिला येताना पाहिलं आणि गाडी थांबवली. तिचे हात बघितले.

"दाजी?"

"शेवटच्या थडग्यात बसलाय. मुसल्लमला फोन कर, येताना त्याला काढ म्हणावं."

"काढ म्हणजे?"

"दगड लावलेत. त्यानंच लावायला सांगितले."

हमीदनं गाडी बंद केली. "काळं फडकं माझ्या नावानं लागणार आहे, ताई. तुझ्या नाही. माझ्या पोरींचं काय?"

"आणि माझ्या पोरीचं?" नसरा म्हणाली.

त्यानं शिवी हासडली, ती कुणाला ते कळलं नाही, आणि गाडी सुरू केली. वाटेत त्यानं मुसल्लमला फोन केला. दुपारी मुसल्लमचा फोन आला. म्हाताऱ्याला काढलं होतं. बरा होता, फक्त तोंड वाळूनं भरलं होतं, ओरडून ओरडून. पाहुण्यांना आधी वाटलं, हाही तमाशाचाच भाग आहे, म्हणून त्यांनी फोटो काढले. बाहेर आल्यावर काकानं एकच विचारलं, माझं तोंड कुठल्या दिशेला आहे. मुसल्लमनं सांगितलं मावळतीला, तर त्याचा विश्वास बसेना.

फरहानाच्या सासरच्या घराला निळं दार होतं. आतून तिच्या कण्हण्याचा आवाज येत होता, आणि तो ऐकून नसराला कळलं की वेळेत पोचलो, अजून तासभर तरी आहे. ती पायऱ्या चढली. सासू दारात आली, हातात गरम पाण्याचं भांडं.

"आलात विहीणबाई! केव्हापासून तुमच्या नावाचा जप चाललाय. थेट घरूनच ना?"

प्रश्न साधा होता. तो प्रत्येक बाळंतिणीच्या दारात विचारतात. कबरीवरून आलेली बाई बाळंतिणीला दिसली तर दूध आटतं, पुढं गर्भ धरत नाही. चाळीस दिवस अशा बाईनं उंबरा ओलांडायचा नाही. नसरानं स्वतः हा प्रश्न किती जणींना विचारला होता, किती जणींना दारातून परत पाठवलं होतं. एकीला तर सख्ख्या बहिणीपाशी जाऊ दिलं नव्हतं, आणि ती बाहेर रडत बसली होती.

नवामीसला कुणी कबर मानत नाही, कारण ती रिकामी आहेत. आज सकाळी मात्र तिनं एक थडगं भरलं होतं. जिवंत माणूस आत घालून वर दगड लावले होते, स्वतःच्या हातांनी. हे इथे कुणालाच माहीत नव्हतं. हमीद बोलणार नव्हता. फक्त 'हो, थेट घरून' म्हणायचं होतं.

"विहीणबाई?" सासू म्हणाली.

नसरानं उंबऱ्यावरचा पाय मागे घेतला.

"माळावरून आले," ती म्हणाली. "थडग्यावरून. मला आत नका घेऊ."

सासूच्या हातातलं पाणी हिंदकळलं. तिनं जास्त विचारलं नाही, दार अर्धं लोटून घेतलं. नसरा पायरीवर भिंतीला टेकून बसली. फटीतून सगळं ऐकू येत होतं.

"कोण आलंय?" फरहानाचा आवाज. "आई आहे? आई!"

"इथेच आहे मी," नसरा म्हणाली.

"आत ये ना."

"नाही येता येत, बाळा. दारातच आहे. श्वास घे, मोठा श्वास घे."

"बाबांनी नाही म्हटलं का?"

हे तर आयतंच होतं. हो म्हटलं असतं तर सगळं सुबैहच्या डोक्यावर गेलं असतं, आणि ते फार खोटंही झालं नसतं. "नाही," नसरा म्हणाली. "त्यांचं काही नाही. मीच नाही येत."

आत कळ आली. ती ओसरली. मग फरहाना रडवेल्या आवाजात, दात आवळून म्हणाली, "मग आलीसच कशाला?"

नसरा फटीजवळ सरकली. सासूनं आतून दार पूर्ण लावून घेतलं. थोड्या वेळानं मूल रडलं. मुलगा झाला होता, हे तिला शेजारणीनं रस्त्यावरून ओरडून सांगितलं.